बांगड्यांच्या रेघा

आम्ही दोघं शेवटचे संगं गेलतो ते आर्णीच्या बाजारात, भेंडी आणाले. बायको स्कूटरवर माह्या मागं एका अंगानं बसे आन मागची दांडी धरे. तिच्या बांगड्या घासून घासून तिथल्या पत्र्यावर रेघा पडल्या होत्या. ती वारल्यावर पोरगा म्हणे, "बाबा, गाडी लय भंगार दिसते, रंगवून आणा."

बसस्टँडामागचा पेंटर माह्या रोजच्या पाहण्यातला. हा माणूस गिऱ्हाईकाकडं पाहतच नाही. म्हशीवर फिरवावा तसा गाडीवर हात फिरवते आन तिच्याशीच बोलल्यावानी बोलते.

"देखो चाचा, पेंट म्हटलं का जुना रंग घासा लागते. नाही तं फिल्म हाये, प्लास्टिकचा रंगीत कागद, वरून चिटकते. कधीबी काढा, खालचं तसंच."

"रेघा राह्यतीन?"

"कायच्या रेघा?"

"बायकोच्या बांगड्यांच्या."

त्याचा हात तिथंच थांबला. मी म्हटलं, "फिल्मच लाव."

संध्याकाळी गाडी काळीभोर चकचकीत. तो खुशीत म्हणे, "पहिले रेघांत पुट्टी भरली चाचा, नाही तं फिल्म बसत नाही." मंग आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं. मी शिवी देल्ली आन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माह्या आंगणात हजर. रेघांवरची तेवढीच फिल्म सोलली आन सुईनं पुट्टी कोरत बसला. ठेवलेला चहा थंडा झाला. रेघा निघाल्या, पण तिच्या कोणत्या आन सुईच्या कोणत्या, मले समजून नाही राह्यलं. त्याले विचारलं. पहिल्यांदाच माह्याकडं पाहून तो म्हणे, "चाचा, मलेबी नाही."