मेणाचा गुडघा

तलासरीहून आमच्या पाड्यातले ख्रिस्ती लोक दरवर्षी बसने वांद्रे आणि गोव्याची यात्रा करतात. पुढारी मी. शाळा चौथीपर्यंत, पण बसमध्ये शब्द माझाच चालतो. पुण्य किती जमलं ते वरच्याला माहीत. किस्से मात्र नको म्हटलं तरी जमतात. हे गेल्या खेपेचे.

*

निघताच बायकांनी रोझरी सुरू केली. मेंढवणच्या खिंडीपर्यंत सगळ्या पेंगल्या. ड्रायव्हर जयेशभाई हिंदू माणूस. त्याने मान वळवून सांगितलं, "मावशी, प्रार्थना बंद नका करू. ब्रेक जुने आहेत!"

वांद्र्यापर्यंत एकीचाही डोळा लागला नाही.

*

वांद्र्याला रीत अशी, की जे दुखतं ते मेणाचं विकत घ्यायचं आणि मरियामातेला वाहायचं.

आमचा पीटर ताडी काढतो. वर्षभर गुडघा धरलेला, झाडावर चढणं बंद. या हंगामात चढला नाही तर बागवाला ताड दुसऱ्याला देणार. त्याने मेणाचा पाय घेतला. दहा पावलांवरून विकणारीकडे परत.

"बाई, यात गुडघाच नाही! खालूनच कापलाय."

"मग अख्खा माणूस घ्या. त्यात सगळं येतं."

पीटरची बायको शांती मागून म्हणाली, "घ्या, घ्या. जिभेचंही काम होईल!"

पीटरने अख्खा माणूस वाहिला. डोळे मिटून बराच वेळ उभा होता. मी घाई केली नाही.

*

आम्ही चपला बाहेर काढूनच देवळात जातो, मग देऊळ कोणाचंही असो. गोव्याच्या मोठ्या चर्चच्या दारातही तीस जोड ओळीत लागले. मागून गोरे टुरिस्ट आले. त्यांनी ओळ पाहिली आणि निमूट बूट काढले. त्यांच्या मागच्यांनीही काढले.

आतला माणूस धावत आला. "हे कोणी सुरू केलं?"

मी म्हटलं, "तलासरीने."

*

तिथे एका संताचा देह असलेली पेटी फार उंचावर ठेवलेली. मार्थाकाकीला वाटलं, एवढ्या वर ऐकू कसं जाणार? म्हणून तिने ओरडून मागितलं, "बाबा, माझ्या सुनेला अक्कल दे!"

सून शेजारीच होती. तिचा आवाज काकीहून मोठा. "बाबा, आधी हिला दे! हिचं वय झालंय!"

*

परत आल्यावर आठव्या दिवशी पाड्यात आरडाओरडा. पीटर ताडाच्या शेंड्यावर! मी पोचलो तेव्हा खाली अर्धा पाडा, बागवाला आणि फादरसुद्धा. बागवाल्याने तिथेच सांगितलं, "झाडं तुझीच!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. शांती रडायला लागली.

पीटर काही खाली येईना. तास झाला.

फादरनी हाक मारली, "पीटर, चमत्कार पाहिला आम्ही. आता उतर!"

वरून पीटर ओरडला, "फादर, मी मरियामातेकडे फक्त चढणंच मागितलं होतं!"