ताईच्या जखमेतले जंतू

प्रयोगशाळेत तिला सगळे मातीवाली म्हणत आणि तीही त्या हाकेला ओ देई. कामच तसं होतं. ज्या जंतूंवर कुठलंच औषध चालेनासं झालंय, त्यांना मारणारं काहीतरी मातीतल्या बुरशांमध्ये शोधायचं. बुरशा जागेवरून भांडतात, शेजारच्या जंतूंवर विष सोडतात. त्यातलं एखादं उद्या औषध ठरेल, या आशेवर तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. "लोक बाहेरगावाहून काही छानसं आणतात, आमची ही चिखल आणते," असं तिची थोरली बहीण आल्यागेल्याला सांगायची. आई लवकर गेल्यावर या ताईनेच शिवणकाम करून तिला वाढवलं, शिकवलं होतं.

ताई जिन्यावरून पडली. मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसवली. हाड जुळत आलं, पण जखम काही भरेना, तिच्यातले जंतू अंगभर पसरू लागले. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता आमच्याकडे द्यायला औषधच उरलं नाही."

मातीवालीने त्यांच्याकडून जखमेतल्या जंतूंचा नमुना मागून घेतला. काचेच्या बशीतल्या जेलीवर ते वाढवले. दुधावर साय यावी तसा थर धरला. त्यावर ती एकेका बुरशीचा अर्क टाकत गेली. सगळं फुकट. एका सकाळी मात्र, जुन्या वीटभट्टीमागच्या बुरशीच्या थेंबाभोवती स्वच्छ, आरपार वर्तुळ पडलेलं. तिथले जंतू मेले होते. ती एकटीच मोठ्याने हसली, आणि संध्याकाळी न राहवून ताईला सांगून बसली.

"बघ!" ताईचा चेहरा उजळला. "उगाच नाही मी जन्मभर तुझा चिखल झाडला."

पुढची चाचणी रक्तावरची. माणसाच्या रक्ताला अर्क सोसला असता, तर तांबड्या पेशी नळीच्या तळाशी बसून वर पाणी निवळ राहिलं असतं. इथे नळीभर लाल पाणी झालं. पेशी झाडून सगळ्या फुटल्या होत्या. पुन्हा केलं, तरी तेच.

"नाहीतरी मरायचंच आहे," ते कळल्यावर ताई म्हणाली. "ते दे मला. तुझ्या हातचं घेऊन जाईन."

"अगं, जंतूंच्या आधी तुझं रक्त संपेल."

"आणि नाही दिलंस तर?"

"माझ्या हातून नाही व्हायचं, ताई," एवढंच ती म्हणाली. ताईने तोंड भिंतीकडे फिरवलं. दुसऱ्या दिवशी मात्र म्हणाली, "केसांचा पार गुंता झालाय, विंचर जरा." अंगात ताप फणफणत होता, तरी डोकं बहिणीच्या हातात सैल सोडून बसली. अर्काचा विषय तिने पुन्हा काढला नाही. त्याच आठवड्यात ती गेली.

मातीवाली कामावर परतल्यावर प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी हळूच विचारलं, "त्या बशा नष्ट करू या का? दुसरे जंतू घेऊ."

"नको, सर. इतके हट्टी दुसरे कुठे मिळणार?"

ज्यांनी बहीण नेली, त्यांनाच ती पोसू लागली. जेली शिळी झाली की ताज्या बशीत हलवायचं, उबेला ठेवायचं. ताईच्या अंगातलं जिवंत असं एवढंच उरलंय, हा विचार मनात आला की तिला स्वतःचीच लाज वाटायची. पण तो यायचाच.

वर्षं गेली. प्रयोगशाळेतला रसायनवाला वीटभट्टीमागच्या बुरशीच्या त्या विषाची रचना इथे तोडून, तिथे जोडून पाहत राहिला. एका दुपारी तो धावतच आला. नळीच्या तळाशी तांबड्या पेशी शाबूत, वर निवळ पाणी; आणि बशीत वर्तुळ तितकंच स्वच्छ. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मातीवालीने नळी उजेडात धरून पाहिली, परत दिली, "छान झालं," म्हणाली आणि बेसिनपाशी जाऊन नळ सोडून उभी राहिली.

रसायनवाला मागोमाग आला. "अजून उंदरांवर चाचण्या आहेत, मग माणसांवर. बराच काळ जाईल, बाई. पण आज तरी आनंद झाला ना?"

"झाला ना. फार झाला." आणि बेसिनची कड धरून ती हमसून हमसून रडू लागली.

तो नळ बंद करायला पुढे झाला, पण मग त्याने तो तसाच वाहू दिला, तिचं रडणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.