डावा कौल

२००९ साली एका मंगळवारी माझ्या काकांनी बाबांच्या पायाला लावलेले यंत्र बंद केले.

बाबा मालवणात मासेमारी करायचे. जाळ्यातून शिंगाळा मासा सोडवताना तो निसटून पायाखाली आला आणि त्याचा काटा टाचेत शिरला. बाबांना मधुमेह, जखम चिघळत गेली. कुडाळच्या डॉक्टरांनी मेलेले मांस कापून काढले, खड्ड्याच्या मापाचा स्पंज आत बसवला, वर पारदर्शक पट्टी हवाबंद चिकटवली आणि तिच्यातून नळी काढून लहानशा यंत्राला जोडली. यंत्र आतली हवा आणि घाण पाणी सतत ओढून घेई. त्याने सूज उतरते, रक्त फिरू लागते, जखमेच्या कडा जवळ येतात. तिसऱ्या दिवशी स्पंज बदलताना डॉक्टरांनी मला आतले तांबडे दाणे दाखवले. नवे मांस.

"पाय वाचेल," ते म्हणाले. "घरी न्या. पण हे दोन तासांपेक्षा जास्त बंद राहिलं तर स्पंज काढायचाच. नाहीतर घाण आत सडते."

मी ते कागदावर लिहून भिंतीला लावले. मी शिक्षक. लिहिले म्हणजे झाले, असे मला वाटे.

मंगळवारी शाळेतून परतलो, तर खाटेपाशी यंत्र नव्हते. नळीला गाठ मारलेली. काकांनी सकाळी देवळात देवाच्या पाषाणाला पाकळ्या लावून, यंत्र ठेवावे का, असा कौल मागितला होता. डावी पाकळी आधी पडली, म्हणजे देवाचा नकार. यंत्र त्यांनी उचलून आपल्या घरी नेले होते.

मी त्यांच्या पडवीत गेलो.

"ता तुझ्या बापाशीचा रगात ओढी होता," ते म्हणाले. "डावो कौल इलो. जा, देवाक तुझा पुस्तक वाचून दाखय."

पडवीतले चौघे हसले. मी परत आलो.

"रवांदे रे," बाबा म्हणाले. "मोठो भाव आसा माझो."

कात्री फडताळात होती. पट्टी कापून स्पंज काढायला दहा मिनिटे पुरली असती. थोरल्यांचा मान राखला, असे मी पुढे सांगत आलो. खरे तर मी त्या हसण्याला भ्यालो.

दुसऱ्या दिवशी बाबांना ताप भरला. कुडाळला स्पंज काढला तेव्हा खोलीभर वास पसरला. पाय गुडघ्याखाली कापला, तरी विष रक्तात गेले होते. नवव्या दिवशी बाबा गेले.

तेराव्याच्या पंगतीत काका म्हणाले, "देवान आधीच सांगितल्यान होता." मी त्यांच्या पानात भात वाढला.

काका अजून आहेत. आमच्या दोन घरांमध्ये एक अंगण आहे. मी ते ओलांडत नाही.