ग्रहण बघायची फिल्म

कोपरीतल्या त्या बिल्डिंगमध्ये कुणाचाही एक्स-रे आला की आधी पोपट शेलारांकडे जायचा आणि मग, सवड मिळाली तर, डॉक्टरकडे. शेलार डोंबिवलीच्या एका रंगाच्या कंपनीत स्टोअरकीपर होते. रंगाची पिंपं मोजण्यात जन्म गेलेल्या माणसाला हाडांतलं कळणारच, असं लोकांचं मत होतं. निदान शेलारांचं तरी होतं. फिल्म गॅलरीत उजेडाकडे धरायची, एक डोळा मिटायचा, घसा खाकरायचा आणि म्हणायचं, "घासलंय." मान असो, कंबर असो, न घासलेलं हाड शेलारांच्या नजरेखालून कधी गेलंच नाही.

बायकोचा, मालनचा, गुडघा दुखायला लागला तेव्हाही त्यांनी फिल्म उजेडाकडे धरली. गुडघ्याच्या जरा वर, मांडीच्या पांढऱ्या हाडात एक काळा डाग होता. तो त्यांना स्पष्ट दिसला. "फिल्म धड काढता येत नाही यांना," असा निकाल देऊन ते म्हणाले, "घासलंय. तेल लाव." रिपोर्टमध्ये एमआरआय करा म्हणून लिहिलं होतं, पण ही मंडळी धंदा करायला बसलीत हे शेलारांना पक्कं ठाऊक. फिल्म गादीखाली गेली.

त्याच वर्षी ऐन दिवाळीत ग्रहण आलं. जुन्या एक्स-रेमधून ग्रहण बघायचं, हे शास्त्र बिल्डिंगला शेलारांनीच शिकवलेलं. मालनची फिल्म कात्रीने कापली गेली. कडेचे तुकडे शेजाऱ्यांत वाटले, गुडघ्याचा त्यांनी स्वतःकडे ठेवला. मालनही चपला घालून निघाली होती.

"गुडघा दुखतोय ना तुझा? मग गच्चीचे जिने कशाला चढतेस?" शेलार म्हणाले. प्रेमानेच म्हणाले, त्यात खोट नव्हती.

गच्चीवर त्यांनी सूर्य बरोबर त्या काळ्या डागामागे पकडला. "अरे साईनाथ, इथून बघ, एकदम क्लिअर!" त्यांनी शेजाऱ्याला आग्रहाने दाखवलं. बिल्डिंगने तो डाग पाळीपाळीने बघितला.

पुढे दोन वर्षं तेल जिरत राहिलं. मग मालनला दुखण्याने झोप लागेना, तेव्हा मुलगी प्रीती वैतागून तिला ठाण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली. मार्गदर्शनाला शेलार होतेच. नवा एक्स-रे, एमआरआय, छातीचा सीटी, सगळं झालं.

"मांडीच्या हाडात गाठ आहे," डॉक्टर भोईरबाई म्हणाल्या. "दिसतेय तरी कॅन्सरची. नक्की काय ते तुकडा काढून तपासल्यावर. छातीत पसरलेलं नाही. जुना एक्स-रे आहे का? गाठ किती झपाट्याने वाढतेय ते कळेल."

एक्स-रे सेंटरने कॉम्प्युटरमधलं केव्हाच पुसून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी शेलारांनी घरच्या शोकेसमधला तुकडा आणून टेबलावर ठेवला.

"कापला कशाला?"

शेलारांनी ग्रहणाचं सांगितलं. बाईंनी तुकडा नव्या फिल्मशेजारी लावला. डाग तिथेच होता, फक्त लहान.

"वाढलीय, पण सावकाश. एमआरआय बघता पाय वाचेल असं वाटतंय. मात्र हाड बरंच काढून तिथे धातूचं बसवावं लागेल. तेव्हाच आला असतात तर..." बाई थांबल्या. पुढचं वाक्य शेलारांना कुणी न सांगता कळलं. आयुष्यात त्यांनी अचूक वाचलेला हा पहिला एक्स-रे.

बाहेर बाकावर मालन पाय लांब करून बसली होती. प्रीती औषधं आणायला गेली होती.

"बघू तो तुकडा."

शेलारांनी दिला. मालनने तो खिडकीकडे धरला, नवऱ्यासारखाच एक डोळा मिटून.

"हाच का तो काळा डाग?"

"हो."

"सूर्य यातूनच बघितलात?"

शेलारांनी घसा खाकरला. त्यांनी मान हलवली.

"मला जिने चढू दिले नाहीत," मालन म्हणाली. "तेव्हा चढता येत होते मला."