पास्कलच्या भट्टीपुढची रांग

प्रिस्काबाय रांगेत येऊन उभी राहिली की पुढच्या माणसाची पाठ आपोआप ताठ होते, असं गावात म्हणतात. वसईच्या होळी भागातल्या बाजारात भाजीवालीपाशी पोचेपर्यंत तिच्या पिशवीचं तोंड उघडलेलं असतं, काय घ्यायचं ते ठरलेलं असतं आणि जिभेवर एकच वाक्य तयार असतं. "मेथी दोन, टोमॅटो अर्धा." बस. मागच्या गिऱ्हाइकाने तिच्या जागी पाऊल टाकेपर्यंत ती नाक्यावर पोचलेली असते.

सगळं जग असं का वागत नाही, हे कोडं तिला अठ्ठावन्न वर्षांत सुटलेलं नव्हतं. दहा मिनिटं रांगेत काढून, गाडीसमोर आल्यावर "काय काय आहे?" म्हणून विचारणारा माणूस तिला कळूच शकत नसे. वडापावच्या गाडीवर काय असणार? अर्नाळ्याला मासळी घ्यायला जावं, तर पुढची बाई एका पापलेटाचा कल्ला उघडून बघायची, मिटायची, दुसऱ्याचा उघडायची, सहा पापलेटांची अशी तपासणी करायची आणि शेवटी बोंबील घेऊन जायची. प्रिस्काबायची कानशिलं तापायची. ती मोठ्याने उसासा सोडायची, आणि तो उसासा तीन माणसं पलीकडे ऐकू जायचा.

पण रांग मात्र तिने कधी मोडली नाही. कुणाला मोडूही दिली नाही. "एकच विचारायचं होतं" म्हणत बाजूने घुसणाऱ्या भल्याभल्यांना तिने खांद्याला धरून मागे नेऊन उभं केलं होतं. एकदा तर लग्नाच्या जेवणात नवऱ्यामुलाच्या काकांना.

ही शिस्त तिला कामाने लावली होती. वसई पूर्वेला एका गाळ्यात प्लास्टिकच्या बरण्या बनायच्या. तिथे डिस्पॅचमध्ये तिने सव्वीस वर्षं काढली. टेम्पो भरून रवाना करणं हे तिचं काम. लग्न झालं, ग्लेन झाला, नवरा रॉकी बोटीवर नोकरीला जाऊन दोनदा परत आला, तरी सकाळी साडेआठला ती टेम्पोच्या मागच्या फळीपाशी उभी असायचीच. मागच्या वर्षी ती निवृत्त झाली आणि त्याच वर्षी ग्लेनचं लग्न ठरलं.

किंजल विरारची, गुजराती घरातली. तिच्या माहेरी कुणी अंडं शिवत नाही. लग्नाआधीच्या नाताळात ती पहिल्यांदा घरी आली, तेव्हा प्रिस्काबायने नाताळचं भरलेलं ताट तिच्यापुढे ठेवलं. तीन रंगांचे केक, बिस्किटं, करंज्यांसारख्या नेवऱ्या. किंजलने एक नेवरी उचलली आणि पुढचा तासभर तीच पुरवून पुरवून खाल्ली. "चालेल मम्मी, पोट भरलं," म्हणाली. ती गेल्यावर ग्लेनने सांगितलं, बाकी सगळ्यात अंडं होतं.

ते प्रिस्काबायच्या मनाला लागलं. पाहुणी आपल्या टेबलावरून उपाशी उठली, आणि तेही हसत. आता तर ती सून झाली होती. या वर्षी सुनेसाठी बिनअंड्याचा केक होणार, असं तिने ठरवलं; सांगितलं मात्र कुणालाच नाही. बिघडला तर कुणाला कळायला नको.

चोवीस डिसेंबरच्या दुपारी तिने घराचं दार लावून घेतलं. दही घुसळलं, लोणी आणि साखर फेटली, मैदा चाळला, खजूर-काजू पिठात घोळवले, सोडा घातला, सगळं एकत्र केलं आणि सहा इंची भांड्यात ओतलं. एकच भांडं, एकच केक; अंड्याचे आधीच भाजून झाले होते. वर फडकं बांधून ती रिक्षात बसली आणि पास्कलच्या बेकरीत आली.

पास्कलची भट्टी लाकडांची. पहाटे तिच्यात पाव भाजले जातात. दुपारी निखारे बाजूला ओढले की आत जो निवता, सारखा उष्मा राहतो, तो केकला उत्तम. म्हणून नाताळच्या आठवड्यात आसपासची माणसं आपापली भांडी घरून भरून आणतात आणि पास्कल ती भाजून देतो. चोवीस तारखेची दुपार म्हणजे शेवटची संधी. त्यानंतर भट्टी पुन्हा सणाच्या पावांसाठी पेटते.

प्रिस्काबायपुढे अकरा माणसं होती. तिने सवयीप्रमाणे उसासा सोडला आणि फडकं थोडं उचलून पाहिलं.

पिठाच्या पृष्ठभागावर बुडबुडे येत होते. एक फुटला, त्याच्या शेजारी दुसरा आला.

ज्या मैत्रिणीने ही कृती सांगितली होती, तिने दोनदा बजावलं होतं: दह्याला सोडा लागला की अर्ध्या तासात केक भट्टीत गेला पाहिजे, नाहीतर फुगण्याची सगळी ताकद भांड्यातच संपते आणि हाती वीट येते. सोडा शेवटी, बेकरीत पोचल्यावर. पण तीस वर्षं अंड्याचे केक करण्यात गेली होती. अंड्याचं पीठ तास तास वाट बघतं. हाताने सवयीने सगळं घरीच कालवून टाकलं होतं.

घड्याळात तीनला पाच कमी. सोडा घातला तेव्हा पावणेतीन वाजले होते.

पुढे पास्कल आधीचे केक काढत होता, आणि ते काम संपत नव्हतं. भट्टीला तोंड एकच, हात घालायची वाटही एकच. सगळ्यात आतल्या कोपऱ्यात कुणाचा तरी छोटा केक झाला होता. तो गाठायला लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने पुढची पाच मोठी भांडी बाहेर काढावी लागली, आणि ती अर्धी कच्ची होती म्हणून पुन्हा आत सारावी लागली. "अरे देवा, माझा बसला!" मधोमध खचलेला केक बघून एक बाई ओरडली. झालेले केक घेऊन माणसं गेली, कच्चे राहिलेले कडेला भाजत राहिले, आणि आतली जागा मोकळी व्हायला दहा मिनिटं गेली. तीन वाजून पाच.

मग नवी भरती सुरू झाली, आणि प्रिस्काबायला वाटलं की आपण रडणार.

रांगेत पहिले होते जयवंत. स्टेशनजवळच्या सोसायटीत राहणारे, मुंबईत नोकरीला, आज खास रजा टाकून आलेले. आयुष्यातला पहिला केक त्यांनी मोबाइलवर बघून केला होता, तोही सहा इंची. ते म्हणाले, "एकशे ऐंशीवर ठेवा हं."

"कशावर?" पास्कल म्हणाला.

"एकशे ऐंशी डिग्री. व्हिडिओत तसं सांगितलंय."

"साहेब, माझ्या भट्टीला बटन नाही."

"मग कळतं कसं तुम्हाला?"

"हात घालून."

जयवंतनी घरी फोन लावला. बायकोला विचारलं. बायकोने थांबायला सांगितलं. सगळी रांग थांबली. त्यांच्या मागची बाई म्हणाली, "माझं मधोमध ठेव बाबा, कडेला जळतं." तिच्या मागचा म्हणाला, "मधोमध माझं ठरलंय, सकाळीच सांगून गेलोय." शेवटी पास्कलने वैतागून जयवंतांचं इवलंसं भांडं फावड्यावर घेतलं आणि पार आत, मागच्या भिंतीशी सरकवायला निघाला.

आता पुढे जाऊन हात जोडावेत, माझं आधी घ्या म्हणावं, एवढंच प्रिस्काबायच्या मनात आलं होतं. तोंडसुद्धा उघडलं होतं. पण फावड्यावरचं ते छोटं भांडं भिंतीकडे निघालेलं दिसलं आणि तिला भट्टीच्या जागी एकदम टेम्पो दिसला. लांबट पोट, एकच दार. आधी उतरायचा ठाण्याचा माल सगळ्यात आत आणि नंतरचा पनवेलचा दाराशी, अशी भरती! सव्वीस वर्षांत तिने असा टेम्पो एकदाही सुटू दिला नव्हता.

"थांब पास्कल!"

ती रांगेतून बाहेर पडली आणि थेट पुढे गेली.

मागून, रांगेतल्या पाचूबंदर कोळीवाड्याच्या रोझलीन मावशींचा आवाज आला. "बघा गं बायांनो, कोन रांग मोडतंय ते! मना तर मागच्या येळेला हाताला धरून मागं नेलं व्हतं हिनं!"

रांगेत हशा पिकला. प्रिस्काबायचे कान लाल झाले, पण ती वळली ती सरळ सगळ्यांकडे तोंड करूनच.

"कुणाचं भांडं सगळ्यात मोठं आहे?"

रोझलीन मावशींनी आपली परात थोडी उचलली. तीन मुलांच्या तीन घरांसाठी मिळून त्यांनी एकच केक केला होता.

"मावशी, तुम्ही पुढे या. तुमचं पहिलं. तुमच्या केकला सव्वा तास लागणार. तो पार आत जाईल, त्याला मध्ये कुणी हात लावायचा नाही. त्याच्या पुढे दहा इंची. मग आठ. लहान भांडी दाराशी. ती आधी होणार, आधी निघणार, आणि मागच्यांना धक्काही लागणार नाही."

"मॅडम," जयवंत म्हणाले, "मी दीड वाजल्यापासून उभा आहे."

"म्हणूनच सांगते. आत गेलात तर साडेचारपर्यंत उभे राहाल. शेवटी ठेवलंत तर पावणेचारला मोकळे. आत्ता तो छोटा केक काढताना काय झालं ते बघितलंत ना?"

जयवंतनी भट्टीकडे पाहिलं, हातातल्या फोनकडे पाहिलं आणि तो खिशात टाकला.

"आणि तुझं कुठे गं? मधोमध?" मघाशी मधोमध जागा मागणारी दहा इंचीवाली बाई तिरकस आवाजात म्हणाली.

प्रिस्काबायने आपलं भांडं वर धरलं. जयवंतांच्याएवढंच लहान. "माझं सगळ्यात शेवटी," ती म्हणाली. "तोंडाशी."

पास्कल कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "चला, प्रिस्काबाय सांगेल तसं!"

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. तिने भांड्यांवरून नजर फिरवली आणि माणसं हलवायला सुरुवात केली. तुम्ही इकडे, तुम्ही यांच्या मागे, ताई फडकं आधीच काढून ठेवा, नावाची चिठ्ठी कडेला चिकटवा, तळाला नको. जयवंत आपणहून चिठ्ठ्या लिहायला बसले. परात आत गेली. तिच्यापुढे दोन दहा इंची खांद्याला खांदा लावून बसली. मधोमध कोण, हा वादच उरला नाही, कारण प्रत्येकाच्या भांड्याला त्याची जागा आपोआप मिळत होती. पास्कलचं फावडं आत-बाहेर, आत-बाहेर. बारा भांडी चार मिनिटांत. शेवटचं भांडं तिने स्वतःच्या हाताने फावड्यावर ठेवलं तेव्हा तीन वाजून बारा झाले होते. बुडबुडे अजून येत होते.

लोखंडी दार लागलं.

पुढची पस्तीस मिनिटं ती बसली नाही. रोझलीन मावशींनी बाकावर जागा करून दिली, चहा मागवला, "एवढं काय हाय गं त्या टिचभर केकात?" विचारलं. तेव्हा पहिल्यांदा तिने कुणाला तरी सांगितलं. सुनेसाठी आहे. अंडं नाही. सोडा आधीच पडला.

मावशींनी गळ्यातला क्रूस हातात धरला आणि भट्टीच्या दाराकडे बघत राहिल्या. बातमी बाकावरून बाकावर गेली. पास्कलने दाराला हात घातला तेव्हा अकराच्या अकरा माणसं उभी राहिली होती.

पहिलं भांडं तिचंच निघालं. केक काठाच्या वर दोन बोटं आलेला, रंग खजुरी, मधोमध एक लांब चीर पडलेली आणि त्या चिरेतून वाफ. पास्कलने काडी खुपसली. काडी कोरडी आली.

"फुगला!" जयवंत ओरडले. स्वतःचा निघालेला केक त्यांना नंतर दिसला. रोझलीन मावशींनी टाळ्या वाजवल्या. मघाच्या दहा इंचीवाल्या बाईने प्रिस्काबायला मिठी मारली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी पण तूच उभी राहा गं इथे." त्या भरतीतला एकही केक बसला नाही आणि कुणालाही दुसऱ्याचं भांडं हलवावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर, प्रिस्काबायने तो केक किंजलच्या पुढे ठेवला. किंजलने सवयीने बशी ग्लेनकडे सरकवायला हात लावला.

"तुझा आहे," प्रिस्काबाय म्हणाली. "अंडं नाही. दही घातलंय."

किंजलने तिच्याकडे बघितलं, केककडे बघितलं. एक तुकडा तोंडात टाकला. चावता चावता थांबली. मग दुसरा घेतला, तो थोडा मोठा. ग्लेनने हात पुढे केला तशी तिने त्याच्या हातावर चापट मारली.

"अरे, चव तरी घेऊ दे!"

"तुझे तीन आहेत तिकडे, अंड्याचे," किंजल भरल्या तोंडाने म्हणाली आणि तिने बशी उचलून आपल्या मांडीवर घेतली.