बिनबुडाची टाकी

समुद्राच्या इतक्या जवळ, वाळूतच वसलेल्या त्या वस्तीत शंभरेक घरं होती आणि त्यातल्या निम्म्या घरांच्या संडासाची टाकी एकाच माणसाच्या हातची होती. सगळे त्याला नुसतं मिस्त्री म्हणत. अंगाने शेलाटे, आवाज मात्र भरदार, आणि नाकाखाली अशी झुबकेदार मिशी की आधी मिशी कोपऱ्यावरून वळायची आणि मग मिस्त्री.

टाकी बांधण्याची रीत सगळ्यांना ठाऊक असते. खाली काँक्रीटचा तळ घालायचा, चारी बाजूंनी घट्ट गिलावा करायचा, गाळ आत साठवायचा आणि काही वर्षांनी उपसणाऱ्या गाडीला बोलवायचं. पण वाळूत चार फूट खणलं की खालून पाणी येतं. त्या पाण्यात काँक्रीट धरत नाही, पंप लावून दिवसभर उपसत बसावं लागतं. मिस्त्रींनी तरुणपणीच यावर तोड काढली होती. तळच घालायचा नाही. मोठ्या दगडांचा एक थर, वर जाड खडी, झालं काम. याला ते 'टाकी मोकळी सोडणं' म्हणत, जणू गायच कुरणात सोडली आहे.

आणि ती टाकी कधीच भरत नसे. शहरातल्या शिकलेल्या इंजिनियरच्या टाक्या दर तीन वर्षांनी तोंडापर्यंत यायच्या, मिस्त्रींच्या टाकीचं झाकण उघडायची वेळ येत नसे. "लोकांच्या टाक्या भरतात, माझ्या टाक्या पितात," असं ते छातीवर हात मारून सांगत. पिऊन ते पाणी जातं कुठे, हे त्यांना कुणी विचारलं नाही. कुठेतरी पाणी मुरतंय असं आपण उठसूट म्हणतो, पण जिथे ते खरंच मुरत होतं तिथे कुणाला संशय आला नाही.

मुलगी बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी माहेरी आली तेव्हा मिस्त्रींना आकाश ठेंगणं झालं. जावई जहाजावर नोकरीला, सात महिने परतायचा नव्हता, म्हणजे नात सात महिने आपली. नातीचं नाव काहीही असो, मिस्त्री तिला चिमी म्हणत. ती त्यांची मिशी दोन्ही मुठींत धरून लोंबकळायची, आणि ज्या माणसाने उभ्या आयुष्यात मिशीला कुणाचा हात लागू दिला नव्हता तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत गप्प बसून राहायचा.

पण महिनाभरात चिमीला तीनदा जुलाब लागले. तिसऱ्या वेळी दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. एवढ्याशा हातात शीर सापडेना, तेव्हा मिस्त्री बाहेर व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत इतके फिरले की शिपायाने त्यांना दोनदा खाली बसवलं.

चिमी घरी आली त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई येऊन अंगणातल्या विहिरीचं पाणी तपासणीचं औषध असलेल्या एका छोट्या बाटलीत घेऊन गेल्या. दोन दिवसांनी त्या बाटली घेऊन परत आल्या. आतलं पाणी काळं ठिक्कर पडलं होतं.

"काका, या पाण्यात संडासाची घाण आहे," त्या म्हणाल्या. "टाकीतून झिरपतेय."

"माझ्या टाकीतून? हा आरोप बिनबुडाचा आहे!" मिस्त्री कडाडले.

"आरोपाचं मला ठाऊक नाही," आतून बायकोचा आवाज आला. "टाकी मात्र बिनबुडाची आहे."

बायकोचं हे असंच होतं. वर्षभर मौन आणि मग एक वाक्य, तेही वर्मावर.

नर्सबाईंनी पिशवीतून रंगाची पुडी काढली. हा रंग संडासात टाकायचा, वर दहा-बारा बादल्या पाणी ओतायचं आणि दोन आठवडे विहिरीवर लक्ष ठेवायचं. टाकी आणि विहीर जमिनीखालून एकमेकांना भेटत असतील तर विहिरीच्या पाण्याला पोपटी झाक येणार. तोवर पाणी उकळून प्यायचं.

"टाका खुशाल," मिस्त्री म्हणाले. "माझ्या टाकीचा एक थेंब जरी कुणाच्या विहिरीत दिसला ना, तर ही मिशी उतरवून ठेवीन!"

मुलगी चिमीला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. तिने शांतपणे सांगितलं, "बाबा, दोन आठवडे थांबते. रंग दिसला तर मी हिला घेऊन सासूबाईंकडे जाणार. मग मला अडवायचं नाही."

त्या दिवसापासून मिस्त्रींना चैन पडेना. कामावर थापी हातात धरायचे आणि मध्येच ठेवून घरी यायचे. विहिरीतून पोहरा काढायचा, पांढऱ्या कपात पाणी ओतायचं, उजेडात धरायचं, डोळे बारीक करायचे. नितळ. मग परत कामावर. तासाभराने परत घरी. ज्याच्या घराचं प्लास्टर चाललं होतं तो म्हणाला, "मिस्त्री, तुमचंच पोट बिघडलंय की काय?"

कामावर नसले की पावलं मोजत बसायचे. आपल्या टाकीपासून चढावरच्या आपल्या विहिरीपर्यंत चौदा पावलं. वरच्या अंगाला मास्तरांचं घर. त्यांच्या टाकीपासून आपल्या विहिरीपर्यंत एकोणीस. खालच्या अंगाला, समुद्राकडे, टेलरबाईंचं घर. आपल्या टाकीपासून त्यांच्या विहिरीपर्यंत बावीस. मास्तरांचीही टाकी मिस्त्रींनीच बांधलेली आणि टेलरबाईंचीही. मोजून झालं की पुन्हा मोजायचे, जणू एखाद्या वेळी अंतर वाढलेलं सापडेल.

एक गोष्ट मात्र त्यांना मोजताना आठवली आणि त्यांनी ती झटकून टाकली. खड्डा खणताना पाणी नेहमी वरच्या भिंतीतून, चढाच्या बाजूने यायचं, आणि समुद्राकडच्या भिंतीतून निघून जायचं. तीस वर्षं ते हे बघत आले होते. पाणी कुठून येतं ते ठाऊक, कुठे जातं ते ठाऊक, फक्त दोन्हींची गाठ त्यांनी कधी मारली नव्हती.

दहा दिवस गेले. विहिरीचं पाणी नितळच होतं. मिस्त्रींच्या मिशीला पुन्हा पीळ बसू लागला. अकराव्या दिवशी सकाळी ते कपातलं पाणी बायकोला दाखवून म्हणाले, "बघ. कर नाही त्याला डर कशाला?"

एवढ्यात टेलरबाई आल्या. साठीच्या, एकट्या, एकोणीस वर्षांपूर्वी शिलाई मशीन घेऊन इथे राहायला आलेल्या. पोटाने कायमच्या हैराण. आज जुलाब, उद्या कळा, परवा नुसतं ताक. मिस्त्री त्यांची थट्टा करायचे, "बाई, तुमच्या पोटाला एकदा माप घेऊन नीट शिवून का घेत नाही?" आणि त्याही हसायच्या.

त्यांच्या हातात चिनीमातीचा पांढरा वाडगा होता.

"मिस्त्री, जरा बघता का? विहिरीचं पाणी आज असं काय दिसतंय? शेवाळ धरलंय का?"

वाडग्यातलं पाणी पोपटी होतं. अगदी फिकं, पण पोपटी. शेवाळाचा रंग असा नसतो. मिस्त्रींनी ते एका नजरेत ओळखलं.

बायको आत गेली होती. मुलगी चिमीला आंघोळ घालत होती. त्या वाडग्याकडे बघणारे फक्त ते दोघे होते.

"हो," मिस्त्री म्हणाले. "शेवाळच. थोडा चुना टाका."

"बरं," टेलरबाई म्हणाल्या आणि वाडगा सांभाळत निघून गेल्या.

खोटं बोलून माणूस सुटतो असं ज्याला वाटतं त्याने त्या सकाळी मिस्त्रींना बघायला हवं होतं. ओट्यावर बसले, उठले. पाणी प्यायला तांब्या उचलला, तसाच ठेवला. चप्पल घातली, काढली. चिमीला मांडीवर घेतलं. तिने नेहमीप्रमाणे मिशी धरली, आणि त्यांना ती पकड सोसेना. आपली विहीर नितळ आहे, म्हणजे आपली टाकी निर्दोष आहे, असं आता जगाला सांगता येत होतं. मुलगी राहिली असती. नात राहिली असती. मिशी राहिली असती.

पण मग चिमीच्या पोटात कुणाची घाण गेली? वरच्या मास्तरांची. ती टाकी तरी कुणी बांधली? आणि एकोणीस वर्षं टेलरबाई ताक पीत होत्या ते कुणामुळे? कुठल्याही बाजूने मोजलं तरी पावलं एकाच माणसाच्या दारात येऊन थांबत होती. मिस्त्रींना स्वतःची इतकी लाज वाटली की ते मोठ्याने "छे!" म्हणाले आणि चिमी दचकली.

तिला बायकोच्या हातात देऊन ते अनवाणीच खालच्या घराकडे गेले.

टेलरबाई मशीनवर बसल्या होत्या. कुणाच्या तरी पडद्याला दुमड घालणं चाललं होतं. शेजारच्या स्टुलावर पाण्याने भरलेला पेला होता. मिस्त्रींनी बोलण्याआधी तो पेला उचलला आणि खिडकीबाहेर ओतला.

"बाई, ते शेवाळ नाही," ते म्हणाले. "ती माझी टाकी आहे. तुमच्या विहिरीत येतेय. मी खोटं बोललो."

मशीन थांबलं.

"कधीपासून येतेय?"

"तुम्ही इथे आलात तेव्हापासूनच असणार. तळ नाही तिला. कुठल्याच टाकीला मी तळ घातला नाही."

टेलरबाईंनी दोरा दाताने तोडला. पडद्याची घडी घातली. त्या रागावल्या असत्या तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं.

"आणि मी एवढी वर्षं माझ्या पोटाला शिव्या देत होते," त्या म्हणाल्या.

मग मिस्त्रींच्या लक्षात आलं की बाईंना नवल वाटलेलं नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"रंग टाकला त्याच दिवशी नर्सबाई माझ्याकडेही आल्या होत्या. पाणी खालीच येणार, म्हणाल्या. पोपटी दिसलं की कळवा. तेव्हापासून मी दुकानातलं पाणी विकत आणून पितेय. तुम्ही ओतलंत ते तेच होतं."

"मग सकाळी मला कशाला विचारलंत?"

"रंग मला दिसत होता. तुम्ही काय म्हणता ते ऐकायचं होतं." त्यांनी मशीनच्या खणातून मोठी कात्री काढली आणि मुठीकडून त्यांच्यापुढे धरली. "तुम्ही कडाडलात की गल्लीभर ऐकू येतं, मिस्त्री. कात्री कापडाची आहे, जरा खरखरेल. आरसा तिकडे आहे."

मिस्त्री आरशापुढे उभे राहिले. थापीच्या हाताला कात्रीची सवय नव्हती, त्यामुळे एक बाजू आधी आखूड झाली, मग दुसरी आणखी आखूड. टेलरबाईंनी हसू दाबलं नाही. शेवटी त्यांनीच कात्री हातात घेतली आणि कापडाची कड सारखी करावी तशी मिशी सफाईने उरकली.

तिथून मिस्त्री थेट मास्तरांकडे गेले. मास्तरांनी आधी त्यांना ओळखलंच नाही, मग म्हणणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण माझी टाकी तर उत्तम आहे! अठ्ठावीस वर्षांत एकदा भरली नाही."

"तीच तर बोंब आहे, मास्तर," मिस्त्री म्हणाले. "उद्या पंप घेऊन येतो. आधी तुमची, मग माझी, मग बाईंची. मग एकेक घर. तळ घालतो, पाण्याने भरून बघतो, भरलेली राहिली तरच पुढचं घर."

घरी आले तेव्हा मुलीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. चिमीने मात्र हात पुढे केले, मिशी शोधली, ती सापडली नाही, आणि या अनोळखी माणसाकडे बघून तिने भोकाड पसरलं. मिस्त्रींनी तिला घेतलं नाही. ते कपाटावर चढवून ठेवलेली मुलीची बॅग काढायला स्टुलावर चढले.

"आजच निघा," बॅग खाली देत ते म्हणाले. "उकळण्यावर भागवू नकोस. हिच्या आंघोळीचं पाणीसुद्धा इथलं नको."

अकरा दिवसांपूर्वी ज्या बापाला अडवू नका म्हणून बजावलं होतं, तोच आता बॅगेची धूळ हाताने पुसत होता.

"मग परत कधी येऊ, बाबा?"

मिस्त्रींनी सवयीने मिशीला पीळ द्यायला हात वर नेला आणि तो मोकळाच खाली आणला.

"मास्तरांची टाकी भरली," ते म्हणाले, "की लगेच फोन करतो."