‘नोडोणू’वाले व्यंकण्णा मास्तर

रस्त्यात कुणी काम करताना दिसलं की व्यंकण्णा मास्तर थांबलेच. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवणारा लोहार असो, नाहीतर हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानाची पाटी रंगवणारा पेंटर. "हे कुणाकडून शिकलात हो?" असं विचारून ते सरळ त्याच्याशेजारी उकिडवे बसत. मागे उभी असलेली आम्ही मुलं लाजून चूर व्हायचो. तो माणूस मात्र थोड्याच वेळात खुलायचा, आणि मास्तर आम्हाला जवळ बोलवायचे.

हुबळीच्या मराठी शाळेत ते गणित शिकवत. पण त्यांची खरी शाळा रविवारी भरायची. कुणाचा बाप हमाल, कुणाची आई धुणीभांडी करणारी, अशा आम्हा सात-आठ जणांना घेऊन ते निघायचे. रेल्वेचा कारखाना, कापसातली सरकी काढायचं जिन, छापखाना, धारवाडचं कोर्ट, सगळं त्यांनीच दाखवलं. कुणी म्हणालं, "मास्तर, मी वकील होणार," की त्यांचं उत्तर ठरलेलं, "नोडोणू! आधी बघूया. न बघता हो म्हणायचं नाही, न बघता नाहीही म्हणायचं नाही." हमालाचा मल्लू पहिल्यांदा छापखान्यात शिरला तो बाहेर यायलाच तयार होईना. मास्तर म्हणाले, "राहू दे त्याला. त्याचं ठरतंय."

माझं मात्र काहीच ठरत नव्हतं. माझ्या वडिलांची नजर हळूहळू जात गेली होती. शेवटची काही वर्षं ते भिंत चाचपत घरात वावरले आणि तसेच वारले. मी मराठी पाचवीत गेलो आणि मलाही फळ्यावरची अक्षरं पुसट दिसू लागली. मी कुणाला सांगितलं नाही. आई चार घरी स्वयंपाक करून मला शिकवत होती. तिला कुठल्या तोंडानं सांगणार?

एका रविवारी मास्तर आम्हाला स्टेशनवर घेऊन गेले. तिथल्या स्टेशनमास्तरांनी सिग्नलचा हात खाली पाडून गाडीला वाट कशी देतात ते समजावलं आणि विचारलं, "तो लांबचा सिग्नल पडलाय का, सांगा बघू?" पोरं ओरडली, "पडला, पडला!" मीही ओरडलो, पण मल्लूच्या तोंडाकडे बघून, सगळ्यांच्या मागून. स्टेशनमास्तर हसून म्हणाले, "शाब्बास! रेल्वेत डोळे आधी तपासतात." व्यंकण्णा मास्तरांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी निरोप पाठवला, "धारवाडला जायचंय. हॉस्पिटल बघायला. कुणाला डॉक्टर व्हायचं असेल, कुणाला कंपाउंडर."

हॉस्पिटलात आम्ही औषधं कालवायची खोली पाहिली, खाटा पाहिल्या आणि शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आलो. मास्तर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, डोळे कसे तपासतात ते मुलांना दाखवा. आधी माझे, मग एकेकाचे." ते स्वतः स्टुलावर बसले आणि मुद्दाम दोन अक्षरं चुकले. पोरं खो खो हसली.

माझी पाळी आली. मला वरचं मोठं अक्षर तेवढं दिसलं. माझा धीर सुटला. "माझ्या बाबांसारखं होणार का मला?" मी रडतच विचारलं.

डॉक्टरांनी पोरांना बाहेर पाठवलं. वडिलांविषयी खोदून खोदून विचारलं, डोळ्यांत औषध घालून बसवून ठेवलं, मग दिवा धरून बराच वेळ आत पाहिलं. मास्तर दाराशी उभे होते.

"डोळे निरोगी आहेत," डॉक्टर म्हणाले. "वडिलांचा आजार याला नाही. लांबचं दिसत नाही, एवढंच. चष्मा घातला की झालं."

मास्तर भिंतीजवळच्या बाकावर मटकन बसले. उपरण्यानं तोंड पुसत म्हणाले, "हुश्श! अरे, त्या सिग्नलपासून माझ्या घशाखाली नीट घास उतरला नव्हता रे."

तेव्हा मला उमगलं, की हॉस्पिटल बघायला निघालेली ती सगळी वरात माझ्या एकट्यासाठी होती. मला चारचौघांत ओशाळं वाटू नये, म्हणून त्यांनी सगळ्यांचेच डोळे तपासून घेतले होते.

चष्मा आला तेव्हा मी पहिल्यांदा मास्तरांचा चेहरा नीट पाहिला. गालांवर देवीचे वण होते. इतके दिवस मला तो गुळगुळीत वाटत होता. मी टक लावून बघतोय हे पाहून ते म्हणाले, "काय रे, पूर्वीचाच बरा होतो ना?"

पुढे मी रेल्वेच्या ऑफिसात नकाशे काढायला लागलो. मास्तर बदलीवर विजापूरला गेले आणि दुसरं महायुद्ध संपायच्या सुमाराला तिथंच वारले. पण त्यांची आठवण निघाली की मला हटकून आठवते ती धारवाडहून परतल्यावरची संध्याकाळ.

मास्तर मला पोचवायला घरी आले. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "अक्का, पोराचे डोळे ठणठणीत आहेत. डॉक्टरांनी बघितलंय. नुसता चष्मा लागणार." आईनं दोनदा विचारून घेतलं. मास्तरांनी दोनदा सांगितलं आणि गेले.

मग आईनं मोरीजवळचा पाण्याचा हंडा उचलला आणि दारामागे नेऊन ठेवला. खुंटीवरचा कंदील काढून कोनाड्यात ठेवला. बाबांना सापडावं म्हणून घरातल्या ज्या त्या वस्तूची जागा ठरली होती, आणि ते गेल्यावरही तिनं घरातलं काही हलवू दिलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नव्हतं; त्या संध्याकाळी ते कळलं.

पदर खोचून ती म्हणाली, "ये, ती पेटी जरा इकडं सरकवू लाग. किती वर्षं मध्ये येत होती मेली."